गांडुळं कुठं गोळा झालीत, ते आधी बघा

गांडुळाला फुप्फुस नसतं. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, आणि गांडूळखताच्या डब्यातल्या त्याच्या बहुतेक हालचाली यावरूनच उलगडतात. जिथं ओल आणि हवा दोन्ही आहेत तिथं ते थांबतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी जागा सोडतं. म्हणून झाकण उघडल्यावर खत किती झालं हे नंतर बघा. आधी गांडुळं कुठं आहेत ते बघा.

घरच्या डब्यासाठी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या जाती मिळतात. दोन्ही कुजत्या पाल्याच्या वरच्या थरात राहतात. शेतात खोल बिळं करणारी गांडुळं डब्यात टिकत नाहीत. ती परसातून उकरून आणून सोडू नका.

नव्यानं सोडलेली गांडुळं पहिले दोन-तीन दिवस भिंतीवर चढतात. घाबरू नका. रात्री डब्यावर बारीक दिवा लावून ठेवा. त्यांना डोळे नसले तरी कातडीला उजेड कळतो, ती खाली जातात. आठवड्यानंतरही चढत असतील तर मात्र दोष डब्यात आहे. आतला मूठभर माल घट्ट पिळा. एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर. धार लागली तर आत हवाच उरलेली नाही: फाडलेला कोरा पुठ्ठा आणि नारळाच्या शेंड्या मिसळा, तळाची भोकं मोकळी करा. थेंबही नाही आणि लाल मुंग्या लागल्यात, तर माल कोरडा पडलाय; पाणी शिंपडा आणि डब्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा हिशोब बदलतो. जूनपासून बाहेरची हवाच इतकी दमट असते की डब्याबाहेरही कातडी सुकत नाही, आणि गांडुळं सहज निघून जातात. आपल्याकडची पेरिओनिक्स जात तर पावसाची चाहूल लागताच घोळक्यानं बाहेर पडते. या दिवसांत वरून पाणी देणं बंद करा. झाकणाखाली सुक्या पुठ्ठ्याचा थर ठेवा आणि ओला झाला की बदला. डबा वळचणीखाली नको, पागोळ्या थेट आत जातात.

सगळी गांडुळं एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली असतील तर मधोमध हात घाला. गरम लागेल. ताजं म्हशीचं शेण किंवा रसवंतीवरून आणलेला उसाचा चोथा हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. चोथ्यात उरलेली साखर आंबते आणि ढीग तापतो. चोथा वाया घालवू नका, तो उत्तम अंथरूण आहे, म्हणजे गांडुळं ज्यात राहतात तो थर. फक्त दोन दिवस पाण्यात भिजवा, पिळा आणि पंधरा दिवस सावलीत पडू द्या. शेणही तसंच मुरवून घ्या. मधोमध हाताला गार लागल्याशिवाय काहीही डब्यात जाऊ नये. २५ अंशांच्या आसपास गांडुळं खूश असतात, ३५च्या पुढं मरायला लागतात. एप्रिल-मेमध्ये डब्यावर ओलं पोतं हवंच.

मात्र कलिंगडाच्या सालीखाली गुंता करून बसलेली गांडुळं दिसली तर ती मजेत जेवताहेत. गोळा खाण्यात आहे की खाण्यापासून लांब, एवढाच फरक ओळखा.

अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी आल्या तर ते गंभीर आहे. शिळी उसळ, वरण किंवा रश्श्यातलं मटण आत गेलेलं असतं. प्रथिनं आंबतात, वायू होतो आणि गांडूळ आतून फुगून फुटतं. अशी गांडुळं बहुधा वाचत नाहीत. ते खाद्य लगेच काढा, उरलेल्यांना नवं अंथरूण द्या, त्यात मूठभर अंड्याच्या टरफलांची पूड घाला. तेल-मिठाचं काहीच टाकू नका.

किलोभर गांडुळांना सुरुवातीला रोज पाव किलो भाजीचा कचरा पुरे. आधीचा बहुतेक संपल्यावरच पुढचा द्या.

आयसेनियाचं सगळं ठीक असेल तर मालात लिंबाच्या आकाराचे, पिवळट ते तांबूस बारीक दाणे दिसतात. हे कोष. प्रत्येकातून साधारण तीन आठवड्यांनी दोन-तीन दोऱ्यासारखी पिल्लं निघतात. खत चाळताना हे दाणे वेचून परत डब्यात टाका.