अंतराळातल्या सुपरहिरोंची टोळी: पात्रं आणि त्यांच्यातला संघर्ष कसा घडवावा

पाच-सहा सुपरहिरो, एक यान आणि ग्रह गिळत सुटलेला खलनायक एवढ्या भांडवलावर कॉमिकचा पहिला अंक निघतो. पुढच्या दोन-तीन अंकांत मात्र वाचकाचा जीव कुणातच अडकत नाही, कारण टोळीतले सगळे एकाच सुरात बोलत असतात. खलनायक कितीही मोठा करा, त्याने हे दुखणं बरं होत नाही. कथा आपसातल्या ताणावर उभी करावी लागते, आणि ते काम चित्रं काढायच्या आधीचं आहे.

आधी हट्ट, मग शक्ती. प्रत्येक पात्रासाठी दोनच ओळी लिहा: याला काय हवंय, आणि जीव गेला तरी हा काय करणार नाही. शक्ती त्यानंतर द्या, आणि अशी द्या की ती वापरताना नेमकं तेच पणाला लागेल. 1961 साली आलेल्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या कॉमिकच्या पहिल्या अंकात टोळीतला बेन ग्रिम उड्डाणाआधीच वैश्विक किरणांचा धोका बोलून दाखवतो. तरीही तोच यान चालवतो आणि त्याच्याच वाट्याला दगडी शरीर येतं. टोळीचा नेता रीड याच्याशी त्याचं वाजलेलं आहे ते शक्ती मिळण्याच्या आधीपासून. म्हणून पुढची त्यांची प्रत्येक चकमक खरी वाटते.

जोड्या मांडा. पाच पात्रांच्या दहा जोड्या होतात, सहा झाली की पंधरा. सगळ्या रंगवायला जाल तर एकही धड उतरणार नाही. तीन निवडा. प्रत्येक जोडीत कोण कुणाचं काय देणं लागतं ते ठरवा: वाचवलेला जीव, लपवलेली गोष्ट, मोडलेला शब्द. नुसता ‘स्वभाव जुळत नाही’ हा संघर्ष नव्हे, ती कुरबुर झाली.

दोघांनाही बरोबर ठरवा, आणि अंतराळाला कामाला लावा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. अंतराळ म्हणजे फक्त काळी पार्श्वभूमी नाही. तिथली अंतरंच माणसांना एकमेकांपासून तोडतात. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोहोचायला, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. आता कप्तान पृथ्वीजवळच्या तळावर आहे आणि टोळीतली सर्वात धाकटी मंगळावर अणुभट्टी राखतेय, असं धरा. समोरच्या वस्तीचा घुमट तडकतो. ते पान असं पाडता येईल:

चौकट 1: घुमटावर पसरत जाणारा तडा.
चौकट 2: तिच्या हेल्मेटच्या काचेत आतल्या माणसांची प्रतिबिंबं.
चौकट 3: संदेशयंत्रावरचा आकडा, उत्तराला अजून 14 मिनिटं.
चौकट 4: ती धावत सुटलेली. संवादाचा एकही फुगा नाही.
चौकट 5: रिकामी खुर्ची, आणि यंत्रातून आलेला कप्तानचा आवाज: “काहीही झालं तरी जागा सोडू नकोस.”

माणसं वाचतात, भट्टी शत्रूच्या हाती जाते. कप्तानने पूर्वी एकदा अशीच जागा सोडली होती आणि एक साथीदार गमावला होता, हे वाचकाला आधीच्या अंकातून माहीत हवं. मग पुढचं भांडण लिहिताना तुम्हाला कुणाचीच बाजू घ्यावी लागणार नाही.

धागे चढते-उतरते ठेवा. वीस-बावीस पानांच्या अंकात एक भांडण पुढे असू द्या, दुसरं दोन-तीन पानांत थोडं सरकू द्या आणि तिसऱ्याचं एखाद्या चौकटीत फक्त बी पेरा. पुढच्या अंकात दुसरं वर येतं. कुणाची पाळी कोणत्या अंकात, याचा तक्ता भिंतीवर लावून ठेवा. शांत पात्रं सर्वात आधी विसरली जातात.

किंमत वसूल करा. 1980 मध्ये ‘एक्स-मेन’ या कॉमिकच्या 137व्या अंकात टोळीतल्या जीन ग्रेचा मृत्यू झाला. मूळ शेवटात ती शक्ती गमावून जगणार होती. पण फिनिक्स या तिच्या अफाट शक्तीच्या रूपात तिच्या हातून वस्ती असलेला अख्खा ग्रह नष्ट झाला होता, आणि एवढ्यावर तिची सुटका होणं मुख्य संपादक जिम शूटर यांना मान्य नव्हतं. म्हणून शेवट बदलला. प्रत्येक वेळी मृत्यूच हवा असं नाही. मात्र चुकीनंतर टोळीतलं काहीतरी कायमचं बदलायला हवं: नेतृत्व, विश्वास, जेवणाच्या टेबलावरची जागा. पात्र वाढलं हे सांगायला भाषण लिहू नका. काही अंकांनी त्याला पुन्हा तशाच पेचात टाका आणि या वेळी वेगळा निर्णय घेऊ द्या.

दोन चाचण्या. कच्चा आराखडा झाला की पात्रांची चित्रं झाकून फक्त फुगे वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर संवाद पुन्हा लिहा. मग फुगे झाकून नुसती चित्रं बघा. कोण कुणाकडे पाठ करून उभं आहे, कोण मधे पडतंय एवढं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर चित्रकाराला संवाद वाढवून देऊ नका, त्या जोडीत काय बिनसलंय ते सांगा.