उपाशी बॅक्टेरियात डीएनए रेप्लिकेशन थांबलं का, हे कसं तपासायचं

ई. कोलाय या बॅक्टेरियाचं खाणं तोडलं की रेप्लिकेशन, म्हणजे डीएनएची कॉपी होणं, जागच्या जागी थांबतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं, अर्धी झालेली कॉपी ते पूर्ण करतात, फक्त नवी सुरू करत नाहीत. म्हणून नुसता एकूण डीएनए मोजून काही कळत नाही. कॉपी जिथून सुरू होते तो ओरी आणि जिथे संपते तो टर, या दोघांचं प्रमाण काढायचं, क्यूपीसीआरवर (डीएनएचा ठरावीक तुकडा किती आहे ते मोजणारी पद्धत) दोन प्रायमर जोड्यांत, म्हणजे तो तुकडा निवडणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्यांच्या जोड्यांत, काम होतं.

कल्चर ग्लुकोजवाल्या मिनिमल मीडियात वाढवा, एलबी या अमिनो ॲसिडांनी भरलेल्या मीडियात नको, कारण उपासमारीसाठी आपण सेरीन हायड्रॉक्सामेट हे औषध टाकणार आणि ते सेरीन या अमिनो ॲसिडशीच स्पर्धा करतं, बाहेर सेरीन भरपूर असलं तर औषध वाया. ओडी (कल्चर किती गढूळ झालं, म्हणजे पेशी किती वाढल्या त्याचं माप) 0.2 च्या आसपास आली की दोन फ्लास्क करा, एकात औषध, दुसरा तसाच. औषधाने सेरीनचे टीआरएनए (सेरीन वाहून नेणारे रेणू) रिकामे राहतात, ते प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर आले की रेलए एन्झाइम पीपीजीपीपी हा उपासमारीचा इशारा देणारा रेणू बनवतं आणि ओरीवर नवीन सुरुवात बंद पडते. जमलं तर रेलए नसलेला म्युटंट तिसऱ्या फ्लास्कात ठेवाच, त्याशिवाय हे पीपीजीपीपीमुळेच झालं असं म्हणता येत नाही.

0, 30, 60, 90 मिनिटांना सॅम्पल काढा आणि थेट गार इथेनॉलमध्ये ओता. मी आधी निवांत सेंट्रिफ्यूज करत बसायचो, तेवढ्यात पेशींचं काम चालूच, सगळे आकडे एकमेकांत मिसळलेले.

आता हिशोब. रात्रभर वाढवलेल्या स्टेशनरी (वाढ थांबलेल्या) कल्चरचं प्रमाण 1 धरा, त्याच्याशी तुलना करा, सीटीत (क्यूपीसीआरवर सिग्नल कितव्या सायकलला दिसला तो आकडा) एका सायकलचा फरक म्हणजे दुप्पट. वाढत्या पेशींत हे प्रमाण 2 चा घात, घातांक म्हणजे कॉपीला लागणारा वेळ भागिले दुप्पट व्हायचा वेळ. 40 मिनिटांची कॉपी आणि 60 मिनिटांचं डबलिंग असेल तर साधारण 1.6 येतं. उपाशी फ्लास्कात ते हळूहळू 1 कडे सरकलं पाहिजे, झटकन नाही, कारण फोर्क (कॉपी करत पुढे सरकणाऱ्या जागा) अजून टरपर्यंत पळतायत.

बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या बॅक्टेरियावर करणार असाल तर औषध आर्जिनीन हायड्रॉक्सामेट घ्या, आणि तिथे 1 ची वाट बघत बसू नका. त्यात पीपीजीपीपी प्रायमेजलाच, म्हणजे कॉपीचे तुकडे सुरू करून देणाऱ्या एन्झाइमला, अडवतं, फोर्क मधेच उभे राहतात, त्यामुळे प्रमाण वरच अडकलेलं दिसलं तर प्रयोग फसला म्हणून फेकून देऊ नका.