लिबरऑफिसकडे वळताना या चुका टाळा

विकतचं (किंवा क्रॅक केलेलं) मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घेणारे बरेच जण थोड्याच दिवसांत मागे फिरतात. ‘मराठी नीट दिसत नाही’ ही त्यांची नेहमीची तक्रार. आपल्या शाळांना, ग्रंथालयांना, छोट्या संस्थांना हे सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी आहे, म्हणून ते अशा सुटण्याजोग्या अडचणींपायी सोडलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली चूक डाउनलोड करतानाच होते. जुनं नाव ओळखीचं म्हणून लोक ओपनऑफिस घेतात. 2010 मध्ये ते बनवणाऱ्यांपैकीच अनेक जण वेगळे झाले आणि त्यांनी लिबरऑफिस सुरू केलं. पुढची वाढ तिथेच झाली. अपाचे ओपनऑफिस अजून मिळतं, पण ते डॉक्स (वर्डची .docx) फाइल फक्त उघडतं, त्या प्रकारात सेव्ह करत नाही.

फाँट निवडला, तरी मराठी अक्षर बदलत नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण हीच. लिबरऑफिस प्रत्येक स्टाइलसाठी (मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या रूपासाठी) लिपीनुसार वेगळे फाँट ठेवतं: इंग्रजीसाठी एक, देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. कोऱ्या पानावर 14 आकार निवडला की तो बहुधा इंग्रजीलाच लागतो आणि मराठी टाइप करताच अक्षर पुन्हा बारीक होतं. दर वेळी मजकूर सिलेक्ट करून आकार वाढवत बसू नका. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात जा, ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या सोयीवर) टिक करा आणि तिथे मराठी निवडा. मग एफ 11 दाबून ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ एडिट करा. फाँटच्या टॅबमध्ये आता दोन्ही भाग दिसतील. देवनागरीच्या भागात मंगल, नोटो किंवा लोहित, जो तुमच्याकडे असेल तो निवडा, आकारही द्या. हीच फाइल डीफॉल्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह केली की प्रत्येक नवी फाइल तशीच उघडेल.

जुन्या फायलींची गोष्ट वेगळी. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसतो, म्हणून तो फाँट नसला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाँट टाकून तो वाचता येईल, पण त्यात शोध चालणार नाही आणि अकारविल्हे लावता येणार नाही. कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या, आणि नंतर रफार, ‘दऱ्या’तला ऱ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

कॅल्कमध्ये (लिबरऑफिसच्या एक्सेलसारख्या भागात) सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, उघडताना येणारी खिडकी न वाचता ओके करू नका. तिथे अक्षरांसाठी यूटीएफ-8 (युनिकोडचाच प्रकार) निवडलं नाही तर मराठी नावांचा चुराडा होतो. लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग, इंग्रजी (भारत) ठेवलं की आकड्यांतले स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात. हिशोबाच्या फाइलमध्ये मॅक्रो (आपोआप कामं करणाऱ्या छोट्या आज्ञावली) असतील तर जुनं ऑफिस काढण्याआधी ते चालवून बघा. सगळेच चालत नाहीत.

आणि एकच फाइल कधी वर्डमध्ये, कधी इथे असं करत राहिलात तर मांडणी हळूहळू बिघडते. मूळ प्रत ओडीटीमध्ये (लिबरऑफिसच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) ठेवा. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ द्या.

लिबरऑफिस सारखं बंद पडत असेल तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करा. प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्ज जिथे साठतात ते फोल्डर) रीसेट करण्याआधी तिथूनच त्याची प्रत काढून घ्या, नाहीतर शब्दकोशात स्वतः घातलेले शब्द आणि टेम्प्लेट दोन्ही जातील.