दिवंगत कमांडो उस्तादांची स्मृती कशी जपावी

सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील गावांमध्ये पॅरा स्पेशल फोर्सेसमधून, म्हणजे सैन्याच्या कमांडो दलातून, निवृत्त झालेला एखादा जवान, म्हणजे पोरांचा ‘उस्ताद’, पहाटे मैदानावर उभा राहून वर्षानुवर्षे पोरांकडून भरतीची तयारी करून घेतो, आणि त्याच्या निधनानंतर गावाला व शिष्यांना त्याची आठवण नेमकी कशी राखावी हे उमगत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, लढताना प्राण दिलेल्यांची नावे कोरलेली आहेत. पूर्ण सेवा करून घरी परतलेल्या आणि घरीच शेवटचा श्वास घेतलेल्या सैनिकाचे नाव तिथे नसते. म्हणून त्याच्या स्मृतीची जबाबदारी त्याने घडवलेल्या माणसांवर येते, आणि ती पार पाडताना खरेपणा हीच पहिली अट मानावी, असे माझे ठाम मत आहे.

निधनाच्या दिवशी सर्वप्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि त्यांच्या पलटणीतील जुन्या साथीदारांना कळवावे. मानवंदनेसाठी तुकडी किंवा बिगुलवादक मिळू शकेल का, याची चौकशी याच कार्यालयामार्फत करावी आणि उत्तर येईपर्यंत परस्पर काही जाहीर करू नये. तिरंग्याच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. ध्वजसंहितेनुसार पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरण्याची मुभा शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातील अंत्यसंस्कारांपुरतीच आहे. अशा वेळीही केशरी पट्टा डोक्याकडे असावा लागतो आणि ध्वज चितेवर जाऊ द्यायचा नसतो. भावनेच्या भरात गावकऱ्यांनी स्वतःच ध्वज आणून पांघरणे हा त्या सैनिकाचा सन्मान ठरत नाही, कारण त्याने आयुष्यभर त्या ध्वजाची शिस्त पाळलेली असते.

पुढच्या काही दिवसांत घरच्यांच्या कागदपत्रांना हात लावणे हे श्रद्धांजलीच्या भाषणापेक्षा अधिक मोलाचे आहे. डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड आणि मृत्यूचा दाखला एकत्र करावा, ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर निधनाची नोंद करून कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रक्रिया सुरू करावी आणि या धावपळीत काकूंना, म्हणजे उस्तादांच्या पत्नीला, एकट्याने कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, अशा प्रकारे शिष्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

स्मृतिफलक किंवा परिचयाचा मजकूर लिहिण्याची वेळ येते, तेव्हा सर्वाधिक चुका होतात. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव प्रेमाने ‘मेजर’ म्हणते. फलकावर मात्र डिस्चार्ज बुकात असलेला हुद्दाच लिहावा. हुद्दा नावाच्या आधी आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर कंसात यावा. ‘कमांडो’ हा शब्दही तपासून वापरावा. बेळगावला कमांडो कोर्स केलेला पायदळातील जवान, मानेसरच्या एनएसजीत (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात) प्रतिनियुक्तीवर गेलेला जवान आणि पॅरा स्पेशल फोर्सेसच्या बटालियनमधला जवान हे तिघेही आदरास पात्र आहेत, परंतु त्यांची वाट एक नव्हे. मरून (गडद तांबड्या) रंगाची टोपी संपूर्ण पॅराशूट रेजिमेंटची असते, तर ‘बलिदान’ हा बिल्ला फक्त स्पेशल फोर्सेसवाल्यांचा. तो प्रोबेशनच्या, म्हणजे निवडीच्या परीक्षाकाळाच्या, कठोर चाळणीतून टिकलेल्यालाच मिळतो. त्यामुळे तो बिल्ला शिष्यांनी टी-शर्टवर छापून घेऊ नये. मराठी वाचकांना आपुलकी वाटावी असा एक संदर्भ फलकावर अवश्य देता येईल: उस्ताद २१ पॅराचे असतील, तर ही बटालियन मूळची २१ मराठा लाईट इन्फन्ट्री असून १९९६ साली स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतरित झाली, हे लिहावे.

आठवणी गोळा करताना साथीदारांना मोहिमांविषयी खोदून विचारू नये. शासकीय गुपितांचे बंधन निवृत्तीबरोबर संपत नाही, शिवाय सीमाभागात ज्या स्थानिक माणसांनी मदत केली, त्यांच्या जिवाला एखाद्या गावाच्या नावानेही धोका पोहोचू शकतो. त्यांनी सांगितले नाही ते आपण कल्पनेने भरू नये. किती शत्रू मारले याचे आकडे तर कधीच लिहू नयेत. त्याऐवजी आग्र्याच्या पहिल्या पॅराशूट उडीच्या वेळी विमानाच्या दारात काय वाटले, प्रोबेशनमध्ये झोपेविना चालताना कोणी कोणाचे ओझे उचलले, नव्या पोराला त्यांनी कसे सांभाळून घेतले, असे विचारावे. जुने जवान यावर मोकळेपणाने बोलतात, आणि माणूस कसा होता हे त्यातूनच कळते.

उस्तादांच्या वह्या शोधून काढाव्यात. अशा वहीत बहुधा रेघा मारलेले रकाने असतात: पोराचे नाव, १६०० मीटरचे टायमिंग, पुलअपची संख्या, नऊ फुटी खंदक पार झाला की नाही, आणि कडेला पेन्सिलीने एखादी नोंद, जसे की ‘टाच दुखते, दोन दिवस विश्रांती’ किंवा ‘घरी अडचण, बुटांचे बघणे’. प्रत्येक पानाचे नीट उजेडात छायाचित्र घ्यावे, मूळ वही कुटुंबाकडेच ठेवावी आणि पोरांच्या दुखण्याच्या किंवा गरिबीच्या नोंदी सार्वजनिक करू नयेत. मला विचाराल, तर अशी एक वही संगमरवरी पुतळ्याहून मोठी आहे.

खरे स्मारक म्हणजे चालू राहिलेले मैदान. निधनानंतरच्या आठवड्यातच पहाटेचा सराव पुन्हा सुरू करावा आणि सुट्टीवर आलेल्या प्रत्येक शिष्याने काही दिवस पोरांना वेळ द्यायचा, असे ठरवून घ्यावे. वारसा प्रत्यक्ष कृतीतून कसा पुढे जातो, याचे उदाहरण साताऱ्यानेच दिले आहे: २१ पॅरातून घडलेले कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक कठीण प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या.

वार्षिक स्मृतिदिनासाठी १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन योग्य आहे. मात्र नोकरीवरचे शिष्य त्या वेळी गावी नसतील, तर गावच्या यात्रेच्या सुट्टीतला दिवस निवडावा. कार्यक्रम पाऊण तासात आटोपावा: पुष्पचक्र, ‘लास्ट पोस्ट’ ही मानवंदनेची बिगुलाची धून, दोन मिनिटांचे मौन, एका साथीदाराचे आणि एका शिष्याचे बोलणे, त्यानंतर पोरांची १६०० मीटरची शर्यत. राजकीय सत्कार त्यात मिसळू देऊ नयेत. वर्गणी जमली, तर तिचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि पैसा बूट, पुलअपचा बार व खंदकातली वाळू यांवर खर्च करावा.