आजवा-वढवाणाकाठी घर घेताना: पाणी, कागद, भाव आणि छप्पर

आजवा, टिंबी किंवा डभोईजवळच्या वढवाणा तलावाकडे प्लॉट बघायला जाणारे बडोदेकर बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात. तळं भरलेलं असतं, पक्षी आलेले असतात, हवा गार असते. त्या दिवसांत तिथलं कुठलंही घर आवडतं. म्हणून आमचा आग्रह आहे की जागा आणखी दोनदा बघावी: एकदा ऑगस्टअखेर मोठा पाऊस होऊन गेल्यावर आणि एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता. पहिल्या फेरीत पाणी कुठवर येतं ते कळतं, दुसरीत छप्पर काय करतं ते. तळ्याकाठचं घर विकलं जातं दृश्यावर. पण पुढे विजेचं बिल आटोक्यात ठेवायला आणि वेळ आली की गिऱ्हाईक मिळवायला उपयोगी पडतात ते जोत्याची उंची, छपराचे थर आणि कागद.

आधी पाणी

आजव्याचं सरोवर सयाजीराव महाराजांनी शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलं. ते भरून वाहिलं की जादा पाणी विश्वामित्रीत येतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीने शहरात ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण २५ फुटांवर आहे. गावाकडे मात्र घरात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तळ्यातून नव्हे, तर शेतांमधून वाहणाऱ्या कांसांतून, म्हणजे पावसाळी ओढ्यांतून. उन्हाळ्यात कांस कोरडा आणि झुडपांनी भरलेला असतो, नकाशावर धड दिसत नाही, आणि प्लॉट पाडणाऱ्याने तो बुजवून वर रस्ता केलेला असतो. पाणी पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने येतं.

पुराची खूण शोधा. देवळाची भिंत, शाळेचा ओटा, विजेचा खांब यांवर मातकट रेघ असते. शेजारच्या दोन-तीन घरांत विचारून ती पक्की करा. मग ती खूण लेव्हल पाइपने प्लॉटपर्यंत आणा. २० मीटरची पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन माणसं. टप्प्याटप्प्याने दोनशे मीटरपर्यंत पातळी नेता येते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून दर टप्प्याला दोन्ही टोकं जवळ धरून पाणी सारखं येतं का ते बघा. पुराची खूण आणि रस्त्याचा मध्य यांपैकी जे उंच असेल त्याच्यावर किमान ६० सेंटिमीटर जोतं हवं.

वढवाणा २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. अशा पाणथळ जागांना २०१७ चे नियम लागू होतात: नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरांच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही. ‘अगदी पाण्याला लागून’ असं कुणी सांगत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

कागद

गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. महाराष्ट्रात आपल्या नावाचा सातबारा आहे म्हणजे इथे चालेल असं धरून बयाणा देऊ नका, आधी महसुलाचं काम करणाऱ्या स्थानिक वकिलाला दाखवा. आपल्यासाठी सरळ वाट म्हणजे बिनखेती (बिगरशेती, एनए) झालेला प्लॉट. ‘बिनखेती होतंय, फाइल आत आहे’ या बोलीवर पैसे देऊ नयेत.

एनीआरओआर या सरकारी पोर्टलवर सर्व्हे नंबर टाकून ७/१२, ८-अ आणि नमुना ६ च्या (फेरफाराच्या) नोंदी बघा. नुसता आजचा सातबारा पुरत नाही. नमुना ६ मधल्या नोंदी मागे मागे वाचत गेलात की जमीन नव्या शरतीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) होती का, वारसाच्या नोंदीत एखादी बहीण वगळली गेली आहे का, बँकेचा बोजा उतरला का, हे सगळं उलगडतं. कलम १३५-ड ची (फेरफाराची) नोटीस निघून नोंद अजून मंजूर व्हायची असेल तर थांबा. योजना ५०० चौरस मीटरांहून मोठी किंवा आठांहून जास्त घरांची असेल तर गुजरेरात (गुजरातच्या रेरा प्राधिकरणात) नोंदणी हवी, आणि बानाखत (विक्रीचा करार) नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

भाव चढतोय की नाही, हे कसं बघायचं

दलाल केवडियाचा रस्ता आणि एक्स्प्रेस-वे यांची नावं घेऊन भाव सांगतात. त्यातलं काही खरंही असतं, पण आपण मोजमाप करून बघावं.

त्याच गावातल्या, शक्यतो त्याच बाजूच्या सर्व्हे नंबरांतल्या गेल्या तीन वर्षांच्या दहा-बारा दस्तावेजांची इंडेक्स-२ (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) सब-रजिस्ट्रारकडून काढा. सगळी मापं चौरस मीटरवर आणा: १ चौरस मीटर म्हणजे १.१९६ वार, १ गुंठा म्हणजे १२१ वार. विघ्याचं माप जागोजागी बदलतं, त्याच्यावर हिशेब करू नका. दर चढत्या क्रमाने मांडून मधला निवडा. सरासरी काढलीत तर एखादा मोठा फार्महाऊस सगळं चित्र बिघडवतो.

यात एक मोठा सापळा आहे. दस्तावेजातली रक्कम बरेचदा जंत्रीच्या (सरकारने ठरवलेल्या दराच्या) आसपास ठेवलेली असते, आणि मोकळ्या जमिनीची जंत्री १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाली. त्यामुळे कागदावर २०२३ मध्ये भाव एकदम उसळलेला दिसतो. तो बाजार नव्हे, सरकारी दर आहे. म्हणून एप्रिल २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे दस्तावेज एका रांगेत मांडू नका. बाजाराचा कल ओळखायच्या खुणा वेगळ्या: तेच घर किती महिने जाहिरातीत आहे, मधे मागितलेली किंमत किती उतरली, बँकेच्या मूल्यमापकाने कर्जासाठी किती किंमत धरली. मूल्यमापकाचा आकडा मागितलेल्या किमतीहून बराच खाली असेल तर तो आकडा खरा माना.

दुसरी अडचण मापाची. आपल्याकडे प्लॉटसुद्धा सुपर बिल्टअपने विकतात; रस्ते आणि कॉमन प्लॉटचा हिस्सा तुमच्या वारांत मिळवलेला असतो. एकूण किंमत भागिले कुंपणाच्या आतले प्रत्यक्ष वार, एवढाच दर तुलनेला घ्या. वर मुद्रांक ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. घेणाऱ्या सगळ्या महिला असतील तर नोंदणी फी माफ होते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची.

जोतं आणि भिंती

वाघोडिया-डभोई भागात काळी माती खूप. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि उथळ पाया हलवते. भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेलेली दिसली की समजा पाया मातीबरोबर वरखाली होतोय; नुसतं पुट्टी भरून ती थांबत नाही. अशा मातीत अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घेतात, साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगा पाइलच्या व्यासाच्या अडीचपट. खोली मातीच्या तपासणीवरूनच ठरवा. जोत्यावर ओल अडवायला १:२:४ काँक्रीटचा ४० मिलिमीटर थर, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून. तळ्याजवळ जमिनीतलं पाणी वर असतं; हा थर चुकला की भिंत दोन फुटांपर्यंत कायम खारवलेली राहते.

भिंतीला २०० मिलिमीटरचे एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) ९ इंची विटेच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उष्णता आत सोडतात. पण ते पाणी शोषतात, म्हणून जोत्यापर्यंत फ्लाय-अॅश वीटच घ्या. एएसीच्या भिंतींना भेगा पडल्याची तक्रार फार ऐकू येते. कारणं ठरलेली: गवंडी सवयीने ब्लॉक भिजवतो, आणि जाड सिमेंट-मालात बसवतो. ब्लॉकवर फक्त पाणी शिंपडावं, जोड ३ मिलिमीटरचा, जॉइंटिंग मॉर्टरचा असावा, आणि कॉलम-बीमला भिंत जिथे मिळते तिथे प्लास्टरआधी जाळी मारावी.

छप्पर

सगळ्यात जास्त पैसे आणि लक्ष इथे द्यावं. बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २२.३ अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि सगळं ऊन स्लॅबवर येतं. मे महिन्यात रात्री दहा वाजता पलंगावर उभं राहून तळहात स्लॅबला लावा. दुपारी खाल्लेलं ऊन तो तेव्हा खाली सोडत असतो, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो.

इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या २०१८ च्या ऊर्जा नियमावलीत, छपराच्या यू-मूल्याची मर्यादा १.२ आहे. हे मूल्य जितकं कमी तितकी उष्णता कमी शिरते. नुसत्या १५० मिलिमीटर स्लॅबचं मूल्य ३ च्या आसपास येतं. वर २५ मिलिमीटर एक्सपीएस (उष्णता अडवणारा दाट फोम) टाकलं तर १ च्या जवळ, ५० मिलिमीटर टाकलं तर सुमारे ०.६. आम्ही ५० च सुचवतो; मजुरी तीच लागते.

थरांचा क्रम खालून वर असा:

१. स्लॅबवर उताराचा थर, १०० ला किमान १.
२. वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा करून भिंतीवर ३० सेंटिमीटर चढवलेलं.
३. पाणी कोंडून ४८ तास चाचणी. खालून ओल दिसली तर इथेच थांबा.
४. एक्सपीएसच्या ५० मिलिमीटरच्या पाट्या, फटी न ठेवता.
५. जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर ४० ते ५० मिलिमीटर काँक्रीट, आत जाळी.
६. पांढरं चायना मोझाइक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी).

थर्माकोल वापरू नका. तो पाणी धरतो आणि दोन पावसाळ्यांत निकामी होतो. काँक्रीटचा थर सलग ओतू नका, साधारण तीन मीटरांवर सांधे ठेवा, नाहीतर उन्हाने तो फुगून कठड्याला बाहेर ढकलतो आणि पाणी त्या भेगेतून आत येतं. तळ्याजवळ गच्चीवर शेवाळं लवकर धरतं. पांढरेपणा गेला की निम्मा फायदा गेला, म्हणून दिवाळीनंतर आणि होळीआधी ब्रशने घासून घ्या. जुनं घर असेल आणि इतका खर्च झेपत नसेल तर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. पावसात धुऊन जातात, दरवर्षी करावे लागतात, पण फरक पहिल्याच रात्री जाणवतो.

खिडक्या

दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीवर ६० सेंटिमीटर छज्जा पुरतो: मार्च ते सप्टेंबर दुपारचं ऊन पूर्ण अडतं, डिसेंबरमध्ये निम्म्याहून थोडं जास्त आत येतं, जे हवंच असतं. पश्चिमेला छज्जा निरुपयोगी. तिथे व्हरांडा, उभे पडदे किंवा कडुनिंब हवा. आणि तळं नेमकं पश्चिमेला असेल तर मोठ्या काचेचा मोह होतो. काच व्हरांड्याच्या आत घ्या, उघड्यावर नको.

तळ्याकाठी डासांची जाळी लागतेच आणि ती वारा अडवते. म्हणून खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडणारी जागा ठेवा. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. दोन पाटांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची ९० टक्के.

वीज

वाडीतलं घर घेताना जोडणी कुठल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे ते मध्य गुजरात वीज कंपनीच्या उपविभागात विचारा. ज्योतिग्राम योजनेत गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले. शेतीच्या फीडरवर साधारण आठ तासच पुरवठा असतो.

सोलरच्या आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०. सहा पंखे पंधरा तास चालले तर दिवसाला चार युनिट वाचतात. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला तेवढीच वीज देतं. एअर कूलर एप्रिल-मेमध्ये छान चालतो, पाऊस सुरू झाला की नुसती दमट हवा देतो.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० अनुदान मिळतं. तीन किलोवॅटला सावली नसलेली ३०० चौरस फूट जागा लागते. तोंड दक्षिणेला, कल २० ते २२ अंश. ग्रिडची वीज गेली की ऑन-ग्रिड (ग्रिडला जोडलेला) इन्व्हर्टरही बंद होतो, हे विक्रेते सांगत नाहीत. गावच्या लांबलचक लाइनवर दुपारी व्होल्टेज चढून तो वारंवार ट्रिप होत असेल तर आधी कंपनीकडून ट्रान्सफॉर्मरचा टॅप तपासून घ्या. हिवाळ्यात पक्ष्यांची विष्ठा पॅनेलवर पडते; एका सेलवरचा डागसुद्धा सगळ्या रांगेची वीज घटवतो, म्हणून पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, काच गार असताना धुवा.

विकायची वेळ आली तर

छपराचे थर नंतर कुणालाच दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक थराचा फोटो बाजूला पट्टी धरून काढून ठेवा. त्याबरोबर बारा महिन्यांची वीजबिलं, बिनखेतीचा हुकूम, बांधकाम परवानगी, वॉटरप्रूफिंगची हमी एका फाइलीत. मे महिन्याचं बिल सगळ्यात वर ठेवा. घेणारा तेच मागतो. सोलर असेल तर सौद्याच्या आधीच सांगा की वीजजोडणी आणि नेट मीटरचा करार दोन्ही नव्या मालकाच्या नावावर करावे लागतील, आणि इन्व्हर्टरच्या अॅपचा पासवर्ड दस्तावेजाच्या दिवशी हाती द्या.