विंडोज ३.१ चं पेंटब्रश: चित्र उघडायचं, दुरुस्त करायचं आणि न बिघडवता साठवायचं

पेंटब्रशमध्ये चित्र म्हणजे नुसती टिंबांची जाळी असते. लेयर नाहीत, एकेक पायरी मागे नेणारा अनडू नाही आणि एकदा बसलेलं अक्षर पुन्हा अक्षर म्हणून हाताळता येत नाही. म्हणून इथे कामाचा क्रम पाळावा लागतो: आधी रंगसंख्या ठरवायची, मग चित्राचा आकार, मग रेषा, मग रंग भरणं आणि अक्षरं अगदी शेवटी. क्रम चुकला की पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा प्रोग्राम १९९० साली विंडोज ३.० सोबत आला. तो झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशवर बेतलेला होता. १९९२ च्या ३.१ मध्ये तो राहिला आणि विंडोज ९५ मध्ये त्याची जागा पेंटने घेतली. जुन्या फ्लॉपींवर सापडणाऱ्या पीसीएक्स फाइली मूळ झेडसॉफ्टच्याच स्वरूपातल्या आहेत आणि त्या इथे सरळ उघडतात. जीआयएफ आणि जेपीईजी मात्र उघडत नाहीत.

उघडण्याआधी

पडदा किती रंगांचा आहे ते सर्वांत आधी बघा. प्रोग्राम मॅनेजरमधल्या मेन गटात विंडोज सेटअप आहे, त्यात डिस्प्लेच्या ओळीत नुसतं व्हीजीए लिहिलेलं असेल तर पडदा १६ रंगांचा आहे. हे तपासणं कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. १६ रंगांच्या पडद्यावर २५६ रंगांचं चित्र उघडलं की पेंटब्रश ते मेमरीत आणतानाच १६ रंगांत कोंबतो. आकाशाची हळूहळू बदलणारी निळाई सपाट पट्ट्यांत मोडते. तिथवर काही बिघडलेलं नसतं, कारण डिस्कवरची फाइल शाबूत असते. पण त्याच नावाने सेव्ह केलंत तर मूळ रंग कायमचे गेले. २५६ रंगांचं चित्र हाताळायचं असेल तर आधी तसा ड्रायव्हर, म्हणजे डिस्प्ले कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, बसवा. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज चालवत असाल तर एस३ या डिस्प्ले कार्डाचा ड्रायव्हर लागतो, कारण डॉसबॉक्स मुळात त्याच कार्डाची नक्कल करतो.

मूळ फाइलला कुलूप लावणं दोन क्लिकचं काम आहे. फाइल मॅनेजरमध्ये फाइल निवडा, फाइल मेनूतून प्रॉपर्टीज उघडा आणि रीड ओन्लीवर खूण करा. साडेतीन इंची फ्लॉपी असेल तर कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवा. खिडकी उघडी असली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

पेंटब्रश अ‍ॅक्सेसरीज गटात आहे. फाइल मेनूतल्या रनमध्ये पीब्रश टाइप केलं तरी सुरू होतो. फाइल-ओपनच्या चौकटीत खाली फाइलीचा प्रकार निवडावा लागतो: बीएमपी, पीसीएक्स किंवा विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमधल्या पेंटच्या काळ्या-पांढऱ्या एमएसपी. यादीत फाइल दिसत नसेल तर बहुतेक वेळा प्रकार चुकीचा निवडलेला असतो. तिथेच इन्फो नावाचं बटण आहे. ते दाबलं की चित्राची रुंदी, उंची आणि रंगसंख्या न उघडताच कळते.

बघणं

खिडकीत चित्राचा तुकडाच दिसतो. कंट्रोल+पी दाबलं की मेनू, साधनं, रंगपट्टी सगळं बाजूला होऊन फक्त चित्र उरतं, आणि कुठलीही कळ दाबली की परत येता येतं. पडद्यापेक्षा मोठं चित्र अख्खं बघायचं तर व्ह्यू मेनूतलं झूम आउट वापरा, म्हणजे कंट्रोल+ओ. झूम इन कंट्रोल+एनवर आहे. ते दाबल्यावर एक छोटी चौकट येते, ती हव्या जागी नेऊन क्लिक करायचं. मग एकेक टिंब चौकोनाएवढं दिसतं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात तोच भाग खऱ्या मापात. तिथे डाव्या बटणाने पुढचा रंग, म्हणजे ज्याने आपण काढतो तो, लागतो आणि उजव्या बटणाने मागचा, म्हणजे कागदाचा. व्ह्यू मेनूतलं कर्सर पोझिशनही सुरूच ठेवा. माऊस कुठल्या टिंबावर आहे त्याचे आकडे दिसत राहतात आणि अंदाजाने मोजणं थांबतं.

आकार आणि चिकटवणं

आकार ऑप्शन्स मेनूतल्या इमेज अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ठरतो. एकक इंच किंवा सेंटिमीटर न ठेवता पेल्स ठेवा, पेल म्हणजे पिक्सेल. हा बदल चालू चित्राला लागू होत नाही, त्यासाठी नवं चित्र सुरू होतं. म्हणून तयार चित्राला आणखी कागद जोडायचा असेल तर वळसा घ्यावा लागतो: चित्र सेव्ह करा, मोठं माप टाकून नवं चित्र घ्या आणि एडिट मेनूतल्या पेस्ट फ्रॉमने जुनी फाइल आत आणा. उलट, चित्र कापून लहान करायचं असेल तर चौकोनी कात्रीने, म्हणजे पिकने, हवा तेवढा भाग निवडा आणि कॉपी टूने तेवढाच वेगळ्या फाइलमध्ये काढा.

चिकटवताना एक खोड हमखास आडवी येते. प्रिंट स्क्रीन दाबून अख्खा पडदा उचलला आणि पेस्ट केलं की उजवीकडचा आणि खालचा भाग कापला जातो. कारण पेस्ट फक्त खिडकीत दिसणाऱ्या जागेपुरतंच होतं, मागचा कागद कितीही मोठा असो. उपाय असा: ६४०×४८० पेल्सचं नवं चित्र घ्या, झूम आउट करा आणि मग पेस्ट करा. चित्राऐवजी आडव्या-उभ्या रेघांचं जाळं दिसेल, घाबरू नका. पुन्हा एकदा पेस्ट करा, चित्र उमटेल. आता साधनांपैकी कशावरही क्लिक करा आणि झूम इन करून परत या. अख्खा पडदा आलेला असतो. फक्त चालू खिडकीच उचलायची असेल तर ऑल्ट+प्रिंट स्क्रीन.

अनडूचा स्वभाव

आजच्या सवयीने कंट्रोल+झेड दाबलंत तर फटका बसेल. इथला अनडू शेवटची रेघ पुसत नाही. साधन निवडल्यापासून जे जे केलं ते सगळं तो एका दमात पुसतो. ब्रशने वीस रेघा काढल्या आणि विसावी चुकली, तर कंट्रोल+झेडने वीसच्या वीस जातात. म्हणून एक रेघ मनासारखी आली की टूलबॉक्समधल्या त्याच साधनावर पुन्हा क्लिक करा. तिथवरचं काम पक्कं होतं आणि अनडू पुढचंच पुसतो. चार-पाच रेघांमागे एकदा हा क्लिक हाताला लागला पाहिजे.

थोडाच भाग चुकला असेल तर अनडूपेक्षा बॅकस्पेस चांगलं. ते दाबलं की कर्सर फुली असलेल्या चौकोनाचा होतो. तो जिथून फिरवाल तिथलं ताजं काम पुसलं जातं आणि खालचं जुनं चित्र जसंच्या तसं वर येतं. खोडरबर मात्र मागचा रंग फासतो, खालचं काही परत आणत नाही. हा फरक लक्षात असू द्या. रेषा किंवा चौकोन ओढत असतानाच चूक कळली तर डावं बटण न सोडता उजवं दाबा, ती रद्द होते.

रेषा आणि रंग

शिफ्ट दाबून ठेवलं की रेषा सरळ आडवी, उभी किंवा ४५ अंशांत येते, चौकोन समभुज होतो आणि लंबगोलाचं वर्तुळ होतं. वक्ररेषेचं साधन आधी सरळ रेघ मागतं आणि नंतर ती दोनदा ओढून वाकवायची असते. एकच बाक हवा असेल तर दुसऱ्यांदा रेषेच्या टोकावर नुसता क्लिक करा.

रोलरकडे, म्हणजे रंग भरायच्या साधनाकडे, जरा जास्त लक्ष द्यायला हवं. तो ज्या टिंबावर टेकवाल त्याच रंगाची, एकमेकांना चिकटलेली सगळी टिंबं रंगवत जातो आणि वेगळ्या रंगाची सीमा लागली की थांबतो. सीमेत एका टिंबाची फट असली तरी रंग बाहेर सांडतो आणि घराच्या भिंतीला दिलेला तांबडा आकाशभर पसरतो. लगेच अनडू करा. फट बहुधा हाताने काढलेल्या रेघेचं टोक जिथे दुसऱ्या रेघेला भिडतं तिथे असते. झूम इन करा, दोन काळ्या टिंबांमध्ये एकच पांढरं टिंब दिसेल. पुढचा रंग काळा ठेवून त्या चौकोनावर डावा क्लिक करा, झूम आउट करा आणि रोलर पुन्हा टेकवा.

दुसरी तक्रार उलटी: रोलर टेकवला तर एखादंच टिंब रंगतं, बाकी जसंच्या तसं. याचं कारण मिश्र रंग. १६ रंगांच्या पडद्यावर रंगपट्टीतले सगळेच रंग खरे नसतात, काही रंग दोन शुद्ध रंगांची टिंबं बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून पालटून मांडून भासवलेले असतात. डोळ्याला एकसंध रंग दिसतो, पण रोलरला एकेक सुटं टिंब दिसतं आणि तो तिथेच थांबतो. म्हणून ज्या भागाचा रंग पुढे बदलण्याची शक्यता आहे तिथे आधी शुद्ध रंगच भरा आणि मिश्र रंग शेवटी द्या. रंगपट्टीतल्या रंगावर दोनदा क्लिक केलं की लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण ० ते २५५ मध्ये बदलता येतं. १६ रंगांच्या पडद्यावर असे घडवलेले रंग बहुतेक मिश्रच निघतात. जमवलेली रंगपट्टी ऑप्शन्समधल्या सेव्ह कलर्सने साठवून ठेवा.

एकच शुद्ध रंग सगळीकडे बदलायचा असेल तर रंगीत खोडरबर कामाला येतो. डाव्या क्लिकने जुना रंग निवडा, उजव्या क्लिकने नवा आणि रंगीत खोडरबरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करा. खिडकीत दिसणाऱ्या भागात जुन्याच्या जागी नवा येतो. मोठ्या चित्रात सरकपट्टी हलवून हे प्रत्येक भागासाठी करावं लागतं. शेजारच्या साध्या खोडरबरवर दोनदा क्लिक झाला तर मात्र नवं कोरं चित्र सुरू होतं, तेव्हा नेम नीट धरा.

पिकने निवडलेला तुकडा डाव्या बटणाने ओढला तर त्यातला मागचा रंग पारदर्शक होतो, उजव्या बटणाने ओढला तर चौकोन अख्खा सरकतो. शिफ्टसह ओढल्यास मूळ जागी प्रत राहते, कंट्रोलसह ओढल्यास मागे प्रतींची रांग उमटते. श्रिंक+ग्रोने तुकडा लहान-मोठा होतो. लहान करताना टिंबं गाळली जातात, त्यामुळे एक टिंब जाडीच्या रेघा तुटतात किंवा नाहीशा होतात. बारीक रेघांचं चित्र लहान करण्यापेक्षा लहान मापात नव्याने काढलेलं बरं.

अक्षरं लिहिताना फॉन्ट, आकार आणि रंग माऊस दुसरीकडे क्लिक करण्याआधीच ठरवा. तोवर बॅकस्पेसने अक्षरं खोडता येतात. क्लिक झाला की ती चित्राचा भाग झाली.

सेव्ह करणं

सेव्ह अ‍ॅजमध्ये प्रकार निवडणं म्हणजे रंगसंख्या निवडणं. ६४०×४८० चं बीएमपी किती जागा घेतं ते असं: काळं-पांढरं ३८,४६२ बाइट, १६ रंगांचं १,५३,७१८, २५६ रंगांचं ३,०८,२७८ आणि २४ बिटांचं ९,२१,६५४. चित्रात काहीही असो, आकडे हेच राहतात, कारण ही फाइल दाबून लहान केलेली नसते. १.४४ एमबी फ्लॉपीवर १४,५७,६६४ बाइट मावतात. म्हणजे १६ रंगांची ९ चित्रं बसतात, २५६ रंगांची ४ आणि २४ बिटांचं फक्त १. १६ रंगांच्या पडद्यावर काढलेलं चित्र २४ बिटांत सेव्ह केल्याने काहीही सुधारत नाही, फक्त सहापट जागा जाते.

पीसीएक्समध्ये एकसारखी टिंबं सलग आली की रंग एकदाच लिहून शेजारी संख्या मांडली जाते, एका वेळी जास्तीत जास्त ६३. सपाट रंगाच्या आकृत्या यात खूप लहान होतात. मिश्र रंगांनी भरलेलं किंवा स्कॅन केलेलं चित्र मात्र फारसं घटत नाही, कधी उलट वाढतं. आकृत्यांसाठी पीसीएक्स आणि छायाचित्रांसाठी बीएमपी हा सोपा हिशेब. वॉलपेपर करायचं असेल तर बीएमपीच हवं. ते विंडोज डिरेक्टरीत ठेवा आणि कंट्रोल पॅनलच्या डेस्कटॉपमधून निवडा. नाव ८ अक्षरांपर्यंत, मध्ये जागा न सोडता.

आजच्या संगणकावरून नेताना

आजच्या प्रोग्रामने केलेलं बीएमपी पेंटब्रश नाकारतो तेव्हा दोष बहुधा फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत असतो. विंडोज ३.१ ला तिथे ४० बाइटांचा जुना मजकूर अपेक्षित आहे, नवे प्रोग्राम त्याहून लांब लिहितात. गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये एक्सपोर्ट करताना कलर स्पेसची माहिती लिहू नये हा पर्याय निवडा आणि रन-लेंग्थ, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याचा पर्याय, बंद ठेवा. आजच्या विंडोजच्या पेंटमधून १६ किंवा २५६ रंगांचं बिटमॅप म्हणून सेव्ह केलं तरी चालतं. फाइल डॉसबॉक्सच्या फोल्डरमध्ये टाकूनही आत दिसत नसेल तर कंट्रोल+एफ४ दाबा, यादी ताजी होते. माऊस डॉसबॉक्सच्या खिडकीत अडकला तर कंट्रोल+एफ१० ने सुटतो.