परवान्याची बंदूक, पोलिसांची झडती आणि आपले हक्क: ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी

लष्कर भागातल्या अनेक जुन्या मराठी घरांत आजोबांच्या काळातली बारा बोअरची बंदूक आजही कपाटात असते, आणि तिच्याविषयीचा पहिला गैरसमजही तितकाच जुना आहे. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. संविधानाचे कलम १९(१)(ख) एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते, पण तेही ‘शांततेने व विनाशस्त्र’. बंदूक घरात राहते ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील परवान्यावर. मात्र संविधानाच्या कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि कलम ३००क (मालमत्ता) यांमुळे ती आपल्याकडून घेताना, किंवा तिच्यासाठी घरात शिरताना, शासनाला कायद्याने आखलेल्या वाटेनेच जावे लागते. म्हणून वाद बंदुकीवरून घालू नये, कागद मागावा.

पोलीस दारात आले की ते कशासाठी आले आहेत हे आधी शांतपणे विचारावे, कारण पुढचे सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे. शस्त्र घेऊन बाहेर निघालेल्या व्यक्तीकडे कोणताही पोलीस अधिकारी शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे परवाना मागू शकतो आणि तो दाखवला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. घराची झडती ही वेगळी गोष्ट आहे. ती न्यायालयाच्या वॉरंटाने होते, किंवा सुरू असलेल्या तपासात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली वॉरंटाशिवाय होते. मात्र वॉरंटाशिवाय झडती घेताना अधिकाऱ्याने कारणे आधी लेखी नोंदवायची असतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. ही प्रत घरमालकाला अर्ज केल्यावर दंडाधिकाऱ्यांकडून विनामूल्य मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिसरा मार्ग शस्त्र अधिनियमाच्या कलम २२ चा: शस्त्राचा बेकायदा वापर होईल किंवा सार्वजनिक शांततेला धोका पोहोचेल असे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सकारण वाटले, तर कारणे नोंदवून ते झडतीचा आदेश देतात, ती झडती दंडाधिकाऱ्याने किंवा खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने स्वतः घ्यावी, अथवा त्यांच्यासमोर व्हावी लागते.

झडती सुरू होण्यापूर्वी परिसरातल्या दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित व्यक्तींना पंच म्हणून बोलवायचे असते. (शेजाऱ्यांनी लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारणाशिवाय पंच होण्याचे टाळले तर तो त्यांचा गुन्हा ठरतो, तेव्हा ‘आम्हाला यात पाडू नका’ हे उत्तर चालत नाही.) घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू देणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता पाळून घ्यायची असते. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे ही नवी संहिता लागू झाल्यापासून, झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे कलम १०५ ने आवश्यक केले आहे. चित्रण सुरू आहे का, हे विचारायला संकोच नको.

जप्त वस्तूंची यादी जागेवरच होते आणि पंचांच्या सहीची प्रत आपल्याला मिळायलाच हवी. मध्य प्रदेशात हा कागद हिंदीत असतो. घाईत सही न करता बंदुकीचा प्रकार, तिच्यावर कोरलेला क्रमांक, काडतुसांची संख्या आणि परवान्याचा क्रमांक ताडून पाहावा. ‘एक बंदूक, जुनी’ एवढीच नोंद असेल तर ती तिथेच दुरुस्त करून घ्यावी, कारण मालखान्यात (ठाण्याच्या जप्त वस्तूंच्या खोलीत) ठेवलेली वस्तू पुढे ओळखायची ती याच ओळीवरून.

झडती नियमबाह्य वाटली तरी दार अडवणे किंवा धक्काबुक्की करणे यातून दुसराच गुन्हा अंगावर येतो. १९७३ च्या पूरणमल खटल्यातील निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की झडती बेकायदा ठरली तरी केवळ तेवढ्याने सापडलेला पुरावा बाद होत नाही. त्यामुळे हरकत लेखी नोंदवून पुढे न्यायालयात मांडणे हाच उपयोगी मार्ग आहे. अटक झालीच तर कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेले जाण्याचा आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ व २०(३) मध्ये आहे.

ग्वाल्हेरकरांना झडतीपेक्षा निवडणुकीतली शस्त्रजमा, म्हणजे परवान्याचे शस्त्र निवडणुकीपुरते ठाण्यात जमा करणे, अधिक परिचित आहे. ही जप्ती नव्हे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यातली छाननी समिती परवानाधारकांचा आढावा घेते, ज्यात जामिनावर सुटलेल्या, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेल्या किंवा दंगलीत गुंतलेल्या व्यक्तींकडे विशेष लक्ष दिले जाते. आपल्याला सवलत हवी असेल तर तोंडी विनवणी न करता कलेक्टर कार्यालयात सकारण अर्ज देऊन पोच घ्यावी. शस्त्र ठाण्यात दिले की पावती, आणि निकालानंतर आठवडाभरात ते परत मिळाले नाही तर पावतीसह स्मरणपत्र.

परवाना निलंबित किंवा रद्द झाला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर, त्यांचा गोषवारा द्यावा लागतो. त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. मुदत मर्यादित असल्याने आदेश हाती पडलेली तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी.

वारसाच्या बंदुकीत माणसे सर्वांत जास्त अडकतात. परवानाधारक वारले की बंदूक ‘घरचीच आहे’ म्हणून ठेवता येत नाही. ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, पावती घेऊन, मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे वारसाहक्काच्या धरून दोनच बंदुका राहू शकतात. भिंतीवरच्या जुनाट बंदुकीला कलम ४५ ची सूट मिळते, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशी ती असेल तरच.

गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेली बंदूक खटला संपेपर्यंत अडकून पडू नये म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली संबंधित न्यायालयात ताब्यासाठी अर्ज करता येतो. त्याला चालू परवान्याची प्रत, जप्तीची यादी आणि खरेदीची पावती किंवा वारसाचा कागद जोडावा.